चार बोटं उंच

नांदेडच्या डॉक्टरनं माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, "आजी, गादी झिजली. हाडावर हाड घासतंय. आता खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर अजिबात नाही."

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग आमी जगायचं कुठं? आमचं समदं खालीच हाय."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी विनोद करते. मी विनोद करत नव्हते. चूल खाली, पाटा-वरवंटा खाली, ज्वारीचं खुरपण खाली, परसाकडं जायचं तर उकिडवं. बांगड्या भरायच्या तर कासाराच्या पुढ्यात मांडी घालून. कुणी मेलं तर त्याच्या घरी जाऊन बसायचं, तेही भुईवरच. उभ्यानं करायचं असं बाईला एकच काम दिलंय, हापशाला नंबर लावायचं. आणि तेही माझ्या गुडघ्याला सोसत नव्हतं. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि वजन कमी करा म्हणाला. माझं वजन बेचाळीस किलो होतं. तो सगळ्यांनाच तसं सांगत असावा. मग त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

गुडघेदुखी हा आजारच नाही, असं आमच्या गावाचं मत आहे. ताप आला तर लोक बघायला येतात. साप चावला तर अख्खं गाव गोळा होतं. गुडघा दुखतो म्हटलं की समोरची म्हणते, माझाबी दुखतो, आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला लागते. मी एरंडाचं पान शेकून बांधलं, निर्गुडीचा पाला उकळून त्याचा वाफारा घेतला. एका बाईनं बिब्बा घातला, तिथली कातडी जळाली आणि आता दुखण्यावर डाग तेवढा आला. कळमनुरीच्या बाजाराला जायचं तर एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. कंडक्टर म्हणायचा, "चला आजी, उरका." मी बाजारच सोडला.

मग संध्याकाळचं जेवण कमी केलं. शिला, माझी सून, शेजारणींना सांगायची, आत्याबाईंची भूकच मेली. भूक मेली नव्हती. सकाळी उठून उकिडवं बसायची भीती होती. एकदा बसले की शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची बोरीची फांदी धरून उठायचं, आणि उठताना तोंडातून जो आवाज निघायचा तो दुसऱ्या कुणी ऐकू नये म्हणून मी अंधार असतानाच जायची. पाणीही मोजून प्यायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे का ते?

तरी एवढं सगळं मी सोसलं असतं. बाजार सोडला, शेत सोडलं, लग्नकार्यं सोडली. पण एक गोष्ट मला सोडायची नव्हती, ती म्हणजे विहारातलं वाचन.

आमच्या बौद्धवाड्यात एक विहार होता. मातीच्या भिंती, वर पत्रे, आणि आत हातभर उंचीच्या ओट्यावर बुद्धाची मूर्ती. तो आम्ही आमच्या हातांनी बांधला होता. पुरुषांनी माती तुडवली आणि आम्ही बायांनी घमेली वाहिली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तिथं रोज दिवेलागणीला धम्मग्रंथ वाचतात. आधी एक गुरुजी वाचायचे. त्यांची बदली झाली. मग पुरुषांनी वाचून बघितलं, पण ते एसटीची पाटी वाचावी तसे वाचायचे. मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. एका संध्याकाळी मी ग्रंथ पुढ्यात ओढला आणि वाचायला लागले. त्या दिवसापासून अठरा वर्षं मीच वाचत होते.

मी मोठी विद्वान नव्हते. पण कुठं थांबायचं ते मला कळायचं. दुःखाचं प्रकरण आलं की मी सावकाश व्हायची, आणि तान्ही लेकरं घेऊन बसलेल्या बायाही हलायच्या बंद व्हायच्या. माझा नवरा, ग्यानोबा, रेल्वेत गँगमन होता. तो घरात माझं एक वाक्य पुरतं ऐकून घ्यायचा नाही. पण विहाराच्या दाराबाहेर बिडी विझवून उभा राहायचा आणि शेवटपर्यंत ऐकायचा. तो गेला तेव्हा मला पहिलं तेच आठवलं. शेतात मी मजूर होते, घरात सासू होते, रेशनच्या दुकानात एक कार्ड होते. विहारात मी तोंड उघडलं की माणसं गप बसायची. असं सुख मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या दोन वर्षांनंतरची गोष्ट. वर्षावासाचा दुसरा महिना चालू होता. त्या संध्याकाळी मी तासभर मांडी घालून वाचलं. ग्रंथ मिटला, सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं, आणि मला उठता येईना. उजवा गुडघा असा धरला की जणू तो माझा नव्हताच. भागूबाईनं, माझ्या शेजारणीनं, एक हात धरला. दुसरीनं दुसरा धरला. तिसरी मागून ढकलायला लागली. मी ओरडले. कुणाचं तरी लेकरू हसलं आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली. शेवटी माझा लेक प्रमोद आणि आणखी एक जण आला, त्यांनी मला काखेत हात घालून पोत्यासारखं उभं केलं. माझा पदर कुठं, मी कुठं. बुद्धासमोर, ज्यांना मी अठरा वर्षं वाचून दाखवलं त्या सगळ्यांसमोर. रात्रभर मला त्याचीच लाज वाटत राहिली, दुखण्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची घेऊन गेले.

ही खुर्ची प्लास्टिकची, पांढरी. शिलाच्या माहेरची माणसं येणार म्हणून प्रमोदनं हिंगोलीहून अशा दोन खुर्च्या एसटीच्या टपावर टाकून आणल्या होत्या. पाहुणे गेले आणि एक खुर्ची हळूहळू माझी झाली. तिच्यात पहिल्यांदा टेकले तेव्हा मला कळलं, साहेबलोकांचा चेहरा एवढा शांत का असतो. दोन्ही हातांवर भार देऊन उठायचं, कुणाला हाक मारायची गरज नाही. भागूबाईनं ती खुर्ची डोक्यावर घेतली आणि विहारात मूर्तीच्या बाजूला मांडली. मी बसले, चष्मा लावला, ग्रंथ उघडला. आणि समोर कुणीच बसेना.

उत्तमराव आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. ग्यानोबाचे दोस्त, जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, वाईट माणूस नव्हे. ते पुढं आले.

"वहिनी, ह्ये काय? बुद्धाच्या बराबरीनं बसता?"

"बराबरीनं कुठं भाऊजी, बाजूला बसले. गुडघे न्हाई वाकून राहिले."

"बाजूला खरं, पण उंच दिसता. आपल्या भंतेजींनी सांगितलं न्हाई का, उपासकानं उंच आसन घेऊ न्हाई?"

"ते उपोसथाच्या, उपासाच्या दिवसापुरतं हाय. मीच वाचून दाखवलंय तुमाला."

ही चूक झाली. माणसाला त्यानंच ऐकलेलं परत ऐकवलं की तो चिडतो. उत्तमराव म्हणाले, मग मोजूनच टाकू. त्यांनी खेमा मिस्त्रीला टेप घेऊन बोलावलं. मी तशीच खुर्चीत बसलेली. खेमानं भुईपासून माझ्या टाळूपर्यंत टेप धरला, मग भुईपासून मूर्तीच्या डोक्यापर्यंत. माझ्या डोक्याला हात लागू नये असा त्यानं टेप काढला, कारण लहानपणी मीच त्याला खरूज झाली तेव्हा कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं होतं.

"चार बोटं," तो म्हणाला. "काकू उंच हायत."

अशी मी बुद्धापेक्षा चार बोटांनी मोठी निघाले. जन्मात कशात मोठी ठरले नव्हते, इथं ठरले.

त्याच संध्याकाळी बैठक बसली. मी खुर्चीतच बसून राहिले, दुसरीकडं बसणार कुठं? मी म्हणाले, "माझा सासरा चावडीपुढं खाटंवर बसला म्हणून त्याच्या पाठीवर वळ उठले होते. तवा कुणी टेप आणला नव्हता. नुसतं बघून कळलं होतं कोण उंच बसलंय ते."

"त्यो विषय वेगळा हाय, वहिनी."

"वेगळा न्हाई. तेच उंच-खाली हाय."

प्रमोद समितीचा सचिव. तो वहीत बघत होता. वहीत अजून काही लिहिलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, काकूंनी उभ्यानं वाचावं. मी लगेच उठून वाचून दाखवलं. दहाव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या आणि ओळी एकमेकींत शिरल्या. दुसरा म्हणाला, बुटकं स्टूल घ्यावं. मी त्याला म्हटलं, बाबा, बुटक्यावर बसलं की गुडघा तेवढाच वाकतो. त्याला ते पटलं नाही. तो बावीस वर्षांचा होता.

तेव्हा भागूबाई बोलली. ती बैठकीत कधी बोलायची नाही. "अवं, चार बोटांचंच हाय ना? मूर्तीखाली चार इटा घाला. बुद्ध उंच झाला, बाई खाली झाली. मिटलं."

इतकं सोपं होतं. खेमा तर विटा आणायला उठलाही. पण उत्तमरावांनी त्याला हातानं खाली बसवलं.

"इटंवर त्यो पंढरीचा उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "आपण त्ये समदं सोडून आलो. आता आपला बुद्ध इटंवर ठिवायचा? उद्या गावातले लोक काय म्हणतील? बघा, गेले फिरून तिथंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगते, मीही डोलावली. नामदेवाची नरसी आमच्यापासून लांब नाही, एकादशीला टाळ घेऊन जाणारी माणसं आमच्या वाड्यावरूनच जातात. आमच्या लोकांनी एवढं मागं टाकलंय की त्याची सावलीही परत अंगावर पडू नये असं वाटतं. चार विटांनी माझं भागलं असतं, पण त्या चार विटा मलाच नको झाल्या. म्हणून मी आज कुणाला पुरता दोष देऊ शकत नाही, आणि हेच मला जास्त खातं.

मग ठरलं असं की बुद्धाला उंच करायचं तर नीट करायचं. जुना विहार पाडायचा, नवा बांधायचा. फरशीचा, स्लॅबचा, आणि आत छातीएवढा ओटा, म्हणजे खुर्चीतच काय, उभं राहिलं तरी कुणाचं डोकं मूर्तीच्या वर जाणार नाही. एका पुढाऱ्यानं निधी द्यायचं कबूल केलं. उत्तमराव उभे राहून माझ्याकडं हात करत म्हणाले, "अन् नव्या विहारात पहिलं वाचन जिवनवहिनींचं. खुर्चीत बसून." टाळ्या पडल्या. प्रमोदनं ते वहीत लिहिलं. आता वहीत लिहायला काहीतरी मिळालं होतं.

"तवर शिलानं वाचावं," उत्तमराव म्हणाले. "दहावी झालेली हाय."

बांधकामाला दोन वर्षं लागली. वाचन उत्तमरावांच्या अंगणात व्हायचं आणि अंगण उताराचं, माझ्या खुर्चीचे पाय तिथं ठरायचे नाहीत. मी घरी बसून भोंग्यावर ऐकायची. शिला पहिल्या वर्षी वाचायची ते न ऐकलेलंच बरं. अवघड शब्द आला की ती तो गिळायची. मी मनात म्हणायची, थांब, येतेच मी.

रोज दुपारी शिला भांडी घासायला बसली की मी माझ्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायची. आवाज बसू नये म्हणून. पहिल्या दिवसाचं प्रकरण मी ठरवून ठेवलं होतं. सिद्धार्थ घर सोडतो ते. कुठं श्वास घ्यायचा, कुठं पान उलटायच्या आधी थांबायचं, सगळं पक्कं केलं. गुडघे तोवर आणखी बिघडले. डावा उजव्याची कामं करून थकला होता. घरात गॅस आला, ओटा झाला, पण आता मला उभं राहवेना. खाली बसवत नाही, उभं राहवत नाही, मग सैपाकघरात माझं काम काय? शिला म्हणायची, "बसा तुमी आत्याबाई, मी करते." चांगल्या मनानं म्हणायची. पण दिवसातून दहा वेळा 'बसा तुमी' ऐकलं की माणसाला आपण उठून गेलोय असं वाटायला लागतं.

रोज सकाळी मी काठी टेकत बांधकाम बघायला जायची. जागा ओढ्याकडंची, पावसात पाणी आत यायचं, म्हणून खेमानं जोतं उचललं. जोतं मांडीएवढं झालं. मग उत्तमराव म्हणाले, आणखी घ्या, रस्त्यावरून दिसला पाहिजे. जोतं खांद्याला लागलं. मला किती आनंद झाला होता! गावातल्या कुठल्याही देवळापेक्षा आमचा विहार उंच दिसणार होता. मी खेमाला म्हणायची, लेकरा, मजबूत कर बरं. आत ओटा वेगळा छातीएवढा, त्यावर मूर्ती. म्हणजे बुद्ध दोनदा उंच झाला.

ज्याचे पाय धड आहेत त्याला पायऱ्या दिसत नाहीत. पण मला दिसायला पाहिजे होत्या. मी तिथं रोज जाऊन बघत होते आणि मलाही त्या दिसल्या नाहीत. मी सगळा वेळ मान वर करून बुद्ध किती उंच होतोय ते बघत होते.

पायऱ्या सगळ्यात शेवटी बांधल्या. सात. बोळ अरुंद, म्हणून पायऱ्या पसरायला जागा नव्हती. त्या एकीवर एक उभ्याच चढवल्या, एकेक वीतभराहून उंच, वर गुळगुळीत फरशी. त्या दिवशी मी समोर काठी टेकून उभी राहिले आणि मोजल्या. परत मोजल्या.

"खेमा, बाजूनं धरायला दांडा लाव की."

खेमा तयार होता. पण उत्तमराव म्हणाले, "वहिनी, दांडा लावला की दवाखाना दिसतो."

"मग एका अंगानं उतार काढा."

"उतार रस्त्यात जातो. शेजारचे भांडतील."

मी प्रमोदला घरी म्हटलं, तू सचिव आहेस, तू बोल. तो शर्टाला इस्त्री करत होता. त्या दिवसांत त्याला सारखं पुढाऱ्याकडं जावं लागायचं. "माय, काहून येवढा घोर करती? चार पोरं खुर्चीसकट उचलून नेतील तुला."

"चार जणांनी उचलायचं ते एकदाच असतं," मी म्हटलं. "अन् तवा मला कळणार न्हाई."

"कायबी बोलती तू," तो म्हणाला आणि इस्त्री दुसऱ्या बाहीवर फिरवायला लागला.

दोन हजार तीनची आषाढी पौर्णिमा. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि असल्या हवेत माझे गुडघे ठणकतात. मी पांढरी साडी नेसले. दोन गोळ्या एकदम घेतल्या. भागूबाईला घेऊन तासभर आधीच विहाराकडं गेले, म्हणजे गर्दी व्हायच्या आत, कुणी बघत नसताना चढून घेता येईल. आत खुर्च्या मांडलेल्या दारातून दिसत होत्या. बारा होत्या. मूर्तीच्या बाजूची एकटी वेगळी होती, तिच्यापुढं चौरंगावर ग्रंथ. ती माझी.

पहिली पायरी मी डाव्या पायानं चढले, भिंतीला हात लावून. दुसरीही चढले. भागूबाई मागून म्हणत होती, हळू, हळू. तिसरीवर उजवा पाय टाकला, भार दिला, आणि गुडघा धरला. ना वर, ना खाली. ओल्या फरशीवर काठीचं टोक सरकलं. मी भिंतीला चिकटून उभी. वर चार पायऱ्या, त्यापुढं सहा पावलांवर ती खुर्ची. एवढं अंतर माणूस विचारसुद्धा न करता जातो. मी मनात स्वतःला शिव्या दिल्या, गुडघ्याला दिल्या, डॉक्टरला दिल्या. मग भागूबाईचा खांदा धरून खाली टेकले आणि बसत बसत, लहान लेकरू उतरतं तशी, पायरी पायरी उतरले. पांढऱ्या साडीला मागून चिखल लागला.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. पोरं धावली. "आजी, बाजूला व्हा, बाजूला व्हा." आम्हाला भिंतीशी सरकवलं. पुढारी हात जोडत आमच्यासमोरूनच वर गेला. त्याच्यामागं उत्तमराव, त्यांच्यामागं हार घेतलेला प्रमोद. मी हाक मारली. त्यानं वळून बघितलं, हातानं खूण केली, थांब, येतो. मी थांबले. दुसरं काय करणार?

तिथं भिंतीशी मी एकटी नव्हते. हळूहळू सात-आठ जणी गोळा झाल्या. कुणाची कंबर गेलेली, कुणाचे गुडघे, एकीला दिसत नव्हतं. सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या, सगळ्या पायऱ्या बघून थबकलेल्या. जुन्या विहाराची माती डोक्यावर वाहिलेल्या त्याच बाया. आत जागा नाही म्हणून आम्ही बाहेर थांबलोय असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही मानही डोलावली असती.

भोंगा आमच्या डोक्यावरच बांधलेला होता. भाषणं झाली. मग उत्तमरावांचा आवाज आला.

"ज्यांच्यामुळं आपल्याला ह्या विहाराची कल्पना सुचली, ज्यांनी अठरा वर्षं आपल्याला धम्म वाचून दाखवला, त्या जिवनवहिनी आज तब्येतीच्या कारणानं हितं येऊ शकल्या न्हाईत. त्यांचा सत्कार त्यांचे चिरंजीव घेतील."

"हितं हाय की वं बाई!" भागूबाई ओरडली. "खाली हाय! जिवनबाई खाली हाय!"

भोंग्यातून टाळ्या इतक्या मोठ्या आल्या की तिचं मलाच धड ऐकू आलं नाही. ती दोन पायऱ्या चढून परत ओरडली. वरच्या पोरानं तोंडावर बोट ठेवलं.

मग वाचन सुरू झालं. शिला वाचत होती. सिद्धार्थ घर सोडतो, तेच प्रकरण. ग्रंथात खूण माझीच घातलेली होती. मला वाटलं होतं ती शब्द गिळेल, आणि मग वर कुणाला तरी आठवण होईल की हे काम कुणाचं होतं. पण ती चांगलं वाचत होती. मी थांबायची तिथंच थांबत होती. मी जिथं सावकाश व्हायची तिथं सावकाश होत होती. दोन वर्षं दुपारी भांडी घासता घासता तिनं माझा एकूण एक श्वास ऐकला होता. आत सगळी माणसं गप होती, ते मला बाहेर कळत होतं. मला रडू आलं. ते गुडघ्याचं नव्हतं. मला सगळ्यात जास्त हेच लागलं की तिचं कुठं चुकलं नाही.

साधू, साधू, साधू झालं. माणसं उतरायला लागली. भागूबाईनं कुणाच्या तरी ओसरीवरून एक स्टूल आणलं होतं, मी त्यावर बसले होते. प्रमोद खाली आला. त्याच्या हातात शाल होती, जांभळ्या काठाची. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो मनापासून खुश होता. लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन यायचा तेव्हा असाच दिसायचा.

"माय, टाळ्या ऐकल्या का?"

"ऐकल्या."

"लई टाळ्या पडल्या तुझ्या नावाला. पुढाऱ्यानं सोता उभं राहून शाल दिली." त्यानं ती माझ्या खांद्यांवर घातली आणि पुढून नीट केली.

मी ती काढली. घडी केली, दोन्ही गुडघ्यांवरून घेतली आणि मागून घट्ट गाठ मारली. ऊब बरी वाटली.

"माय! सत्काराची शाल हाय ती. लोक बघून राहिले."

"बघू दे," मी म्हटलं. "दुखतंय तिथं बांधली."

मला वाटलं तो आता काही बोलेल, निदान माझ्या शेजारी खाली टेकेल. पण वरून कुणीतरी त्याला हाक मारली, खीर वाटायला माणूस कमी पडत होता.

"आलोच," तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत वर गेला.